चार सेकंदांचा फरक

संगणकावर चाललेला गेम व्हिडिओ म्हणून उतरवून घेणं हे आज काही काम राहिलेलं नाही. माझी भाची फोनवर एक बोट टेकवते आणि झालं. मी तिला सांगायला जातो, की आम्ही हेच करायला संगणकाच्या डब्याचं झाकण काढून आत टेबलफॅनचं वारं सोडायचो, तर ती "हव, हव" म्हणते आणि मान खाली घालून फोनकडेच बघत राहते. तिचंही बरोबर आहे. दुसऱ्याच्या जुन्या हालअपेष्टा ऐकायला मलाही कुठे आवडतं?

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही तिथल्या ब्राह्मणपारा वस्तीत भाड्याने राहायचो. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. पॅसेंजर घेऊन गोंदियाला जायचे, तिथे आराम करून दुसरी गाडी घेऊन परत यायचे. आई घर बघायची आणि बाबांच्या ड्युटीच्या वेळा बघायची. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड होतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आपल्याला व्हिडिओ एडिटिंग येतं असा माझा समज होता. गल्लीतल्या दोन बारशांच्या कॅसेटी मी कापून-जोडून दिल्या होत्या. तेवढ्यावर माझी मान बरीच ताठ झाली होती. राजधानी झाल्याचा आमच्या घराला मिळालेला फायदा म्हणाल तर एकच, लाईट जायची कमी झाली, त्यामुळे अर्धवट झालेलं काम संगणकाबरोबर मरायचं नाही.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या मंडळाने देखावा ठरवला: गणपती रेल्वेच्या इंजिनात बसून नव्या राजधानीत येतोय. कल्पना मंडळाच्या चिटणिसांची. हे गृहस्थ नव्या मंत्रालयात कारकून होते आणि राजधानीचा विषय कशातही घुसवायचे. इंजिनासाठी भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून मोठमोठे खोके आले, ते कापून रंगवले, आणि इंजिनाच्या पुढच्या काचेच्या जागी एक टीव्ही बसवायचं ठरलं. त्या टीव्हीत रूळ पळत येताना दिसायला हवेत. मग चिटणीस माझ्याकडे वळले.

"भैया, तुम्हारा तो कंप्यूटर का काम है. करून टाक ना."

मी बाबांना म्हटलं, इंजिनात कॅमेरा घेऊन येतो. बाबांनी ताटातून मानही वर केली नाही. "इंजिनमंदी कॅमेरा नाई. तू पन नाई."

विषय संपला. मग मला गेम आठवला. माझ्याकडे आगगाडी चालवायच्या एका गेमची सीडी होती. परदेशातला मार्ग, दोन्ही बाजूला झाडं, मधून बोगदे. ते पळणारे रूळ उतरवून घ्यायचे आणि टीव्हीवर लावायचे. झाडं छत्तीसगडची नाहीत हे गणपतीला चालेल असं मी गृहीत धरलं.

अडचण अशी, की मला गाडी नीट चालवता यायची नाही. स्टेशनात थांबवायची तर मी फलाट संपल्यावर ब्रेक लावायचो. रेकॉर्डिंगमध्ये ते फार वाईट दिसायचं. दोन दिवस माझा हा प्रकार मागे उभं राहून पाहिल्यावर बाबांनी मला खांद्याला धरून उठवलं.

"सरक. असे पॅसेंजर पाडशीन सारे."

बाबांनी त्याआधी कीबोर्डला हात लावला नव्हता. मी त्यांना चार बटणं दाखवली: वेग, ब्रेक, भोंगा आणि थांबणं. ते खुर्चीत ताठ बसले, चष्मा बनियनला पुसून डोळ्यांवर चढवला आणि पहिल्याच फेरीत गाडी फलाटावर अशी लावली, की ब्रेक कधी लागला ते कळलंही नाही. मला हेवा वाटला हे कबूल करतो. आणि अभिमानही वाटला, पण तो मी तेव्हा बोलून दाखवला नाही.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. सिग्नल दिसला की बाबा उजवा हात उचलून मोठ्याने ओरडायचे, "सिग्नल ग्रीन." पुढचा आला की, "सिग्नल यलो." ही रेल्वेतली रीत आहे. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की असिस्टंटने हात करून रंग मोठ्याने सांगायचा आणि ड्रायव्हरने तो स्वतः बघून परत म्हणायचा. म्हणजे दोघंही जागे आहेत, दोघांनीही पाहिलाय, हे पक्कं होतं. पण इथे आमच्या बाहेरच्या खोलीत असिस्टंट कुठला? तरी हात उठायचा आणि आवाज लागायचा.

"बाबा, बोलू नका ना. रेकॉर्डिंग चालू आहे."

"सिग्नल आला अन् बोलाचं नाई? काहून?"

मी ते काहून सोडून दिलं आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. नंतर ऐकताना मलाच वाटलं, की नुसत्या पळणाऱ्या रुळांपेक्षा या आवाजाने मजा येतेय. खोक्याच्या इंजिनातून खऱ्या ड्रायव्हरचा आवाज आला तर लोक थांबतील. मग मी एक स्वस्तातला माइक आणला आणि बाबांसमोर टेबलावर ठेवला.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गेमचं चित्र आणि गेमचा आवाज उतरवणारा प्रोग्राम वेगळा होता, आणि माइकमधला बाबांचा आवाज उतरवणारा वेगळा. दोन्हीच्या फायली नंतर एकाखाली एक ठेवून जुळवायच्या. संगणक दमला की चित्र अडखळायचं, आणि मग आवाज चित्राच्या पुढे किंवा मागे जायचा. तोंड हललं आता आणि शब्द आला नंतर, असं जुन्या कॅसेटींत व्हायचं ना, तसंच. त्यामुळे आवाज सरकवून चित्राला लावणं हे माझं रोजचं काम होतं आणि त्यात आपला हात धरणारा कुणी नाही असं मला वाटायचं.

बाबांचा ड्युटीनंतरचा आराम झाला की दुपारी आम्ही रेकॉर्डिंग करायचो. मी कूलर बंद करायचो, कारण माइकमध्ये त्याचाच आवाज जास्त यायचा. आई कुकर पुढे ढकलायची. बाबा घाम पुसत गाडी चालवायचे. त्या चार-पाच दुपारी आम्ही तिघं एका कामाला लागलो होतो, असं आमच्या घरात फार वेळा झालं नव्हतं. मी खूष होतो.

दोनदा गेमने बाबांना थांबवलं. लाल सिग्नल ओलांडला, फेरी संपली, अशी पाटी पडद्यावर आली. बाबा चिडले.

"हे सिग्नलच फालतू हाय. एकाच दिव्यात सारे रंग देऊन राहिले. आपले कसे, एकाखाली एक तीन दिवे. लाल खाली, पिवळा मधात, हिरवा वर. मानूस चुकनच नाई."

मला पटलं. विलायती गेम, विलायती सिग्नल. मी त्या दोन जागा कापून टाकल्या. नको ते कापणं हेच तर माझं काम होतं.

मग सगळ्यात चांगली फेरी घेऊन मी जुळवायला बसलो, आणि ती जुळेना. सुरुवातीला सगळं ठीक होतं. बोगद्यानंतर मात्र पडद्यावर पिवळा सिग्नल येई आणि बाबा म्हणत, "सिग्नल ग्रीन." मी मनात म्हटलं, सरकला आवाज. पुढे एक हिरवा सिग्नल होता, त्याच्यावर हे ग्रीन बसवायला मी बाबांचा आवाज चार सेकंद सरकवला. तिथे जुळलं. पण मग त्याच्या पुढचं बिघडलं. तिथे उलट बाजूला सरकवला. दोन दिवस मी हाच खेळ करत होतो. संगणकाला शिव्या दिल्या, माइकला दिल्या, सीडी विकणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार केला.

आई शेजारी मेथी निवडत बसली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. "हे काहून ग्रीन म्हनून राह्यले? पिवळा हाय ना तो."

"आवाज सरकलाय आई. तुला नाही कळणार."

"मले नाई कळत," आई म्हणाली आणि मेथीची काडी मोडली.

तेवढ्यात भोंगा वाजला. बोगद्यातून बाहेर पडताना बाबांनी भोंगा दिला होता. तो गेमच्या आवाजातही होता, आणि स्पीकरमधून माइकनेही पकडला होता. मी आवाज चार सेकंद सरकवलेला होता, म्हणून भोंगा दोनदा ऐकू आला. एकदा, आणि चार सेकंदांनी परत. मी सगळं सरकवणं रद्द केलं, आवाज होता तिथे परत आणला. भोंगा एकच झाला, अगदी नेमका. म्हणजे आवाज सरकलेला नव्हताच. पहिल्यापासून तो बरोबर होता. बाबांनी पिवळा सिग्नल पाहून, हात उचलून, खणखणीत आवाजात ग्रीन म्हटलं होतं.

मी ती फेरी पहिल्यापासून बघितली. बोगद्यानंतर नऊ सिग्नल होते. त्यांतले चार बाबांनी चुकीचे म्हटले होते. मग मी कापून टाकलेल्या त्या दोन जागा पुन्हा काढल्या. दोन्हीकडे लालच्या आधी पिवळा होता, आणि दोन्हीकडे बाबा त्याला ग्रीन म्हणाले होते.

दोन दिवसांनी बाबांची ड्युटी होती. गोंदिया पॅसेंजर. मी हिशेब केला नाही तरी तो आपोआप झाला: दहा-बारा डबे, प्रत्येकात शंभर तरी माणसं, बाबांची निवृत्ती चार वर्षांवर. हे सांगितलं तर इंजिन त्यांच्या हातातून जाणार. इंजिनाशिवाय बाबा म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनाही नव्हतं. आणि नाही सांगितलं तर? मी इथे खरं सांगतो. चांगला अर्धा तास मी असा विचार केला, की गेमचे रंग फिके असतील, मॉनिटर जुना आहे, पुढची डोळ्यांची तपासणी येईलच, तेव्हा डॉक्टरच बघतील. प्रत्येक चुकीचं ग्रीन कापून मी योग्य जागी योग्य शब्द चिकटवले. अशी एक दुसरी फाईल तयार झाली, तिच्यात बाबांचे सगळे सिग्नल बरोबर झाले. काम इतकं सफाईदार झालं होतं, की माझी मलाच लाज वाटली.

आईने ते सगळं पाहिलं होतं. तिला एडिटिंग कळत नव्हतं, पण मी काय करतोय ते कळत होतं. ती म्हणाली, "त्याइले दाखव. दोनी दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी बाबांना दोन्ही फायली दाखवल्या. आधी मूळची, मग दुरुस्त केलेली. काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "बाबा, यातली कुठली बरोबर वाटते?"

त्यांनी दोन्ही मन लावून पाहिल्या. आपलाच आवाज ऐकून थोडे लाजलेही. मग म्हणाले, "पयली. दुसरीत आवाज तुटून राहिला कुठी कुठी. पयलीच बरोबर हाय."

मी मूळची फाईल परत लावली. आई दारात उभी होती. बाबांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? बोला ना."

मी बोगद्यानंतरच्या सिग्नलवर चित्र थांबवलं. पिवळाधमक दिवा. "बाबा, हा कोणता?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे वाकले, मागे झाले. आधी चिडले, की गेमवाल्याला रंग देता येत नाही. मग मला म्हणाले, मॉनिटर बदल. मग आईकडे वळून म्हणाले, "तुले कोनता दिसते?"

"पिवळा," आई म्हणाली. "काल बी पिवळाच दिसत होता."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात, ड्युटीची माहिती द्यावी तसं सांगू लागले. "दिवसा दिव्याची जागा दिसते ना. खालचा पेटला का लाल, मधला पिवळा. रातच्याले असिस्टंट आधी बोलते, मंग मी बोलतो. मले वाटे चष्म्याचा नंबर वाढला." थोडं थांबून म्हणाले, "किती दिवसाचं हाय हे, मलेच नाई मालूम."

मला त्या क्षणी भीती वाटली. बाबांसाठी नाही, त्यांच्या गाडीतून इतके दिवस गेलेल्या माणसांसाठी. आणि लगेच बाबांची दया आली, आणि ती आल्याचा रागही आला. आईने मात्र ताटं वाढायला घेतली. ती म्हणाली, जेवून घ्या, मग काय ते करा. आमच्या घरात मोठे निर्णय जेवणानंतरच होत, पण त्या दिवशी बाबा जेवणाआधीच उठले.

मला वाटलं, ते बाहेर जातायत. पण ते संगणकासमोरच्या खुर्चीत बसले. "मंडळाले द्याचं हाय ना तुले? चालू कर. आन खुर्ची घेऊन इकडे ये. उजवीकडं. असिस्टंट उजवीकडं बसते."

मी कूलर बंद केला, दोन्ही प्रोग्राम चालू केले आणि त्यांच्या उजवीकडे बसलो.

"तू बघ आन सांग," बाबा म्हणाले. "हात उचलून सांग. मंग मी सांगतो."

गाडी सुटली. पहिला सिग्नल आला. मी हात उचलून म्हटलं, "सिग्नल ग्रीन." मला फार चोरट्यासारखं वाटलं. बाबांनी हात उचलला, "सिग्नल ग्रीन." दुसऱ्यांदा माझा आवाज जरा मोठा झाला. चौथ्या-पाचव्या सिग्नलनंतर मला लय सापडली. मी म्हणायचो, ते म्हणायचे, गाडी पळायची. ब्रेक त्यांचा, वेग त्यांचा. वळणावर गाडी कधी हळू करायची हे त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं नव्हतं. फक्त रंग माझा.

बोगदा संपला तेव्हा माझं लक्ष डिस्ककडे गेलं. जागा संपत आली होती, फेरी पुरी होईल की नाही म्हणून मी कोपऱ्यातला आकडा बघत होतो. सिग्नल समोर आला. मोठा होत होत अगदी जवळ आला. बाबा काही बोलले नाहीत. पडद्यावर तो सूर्यफुलासारखा पिवळा पेटलेला होता, लहान मुलानेही सांगितला असता. बाबांचा हात मांडीवर तसाच होता. मी दचकून वर पाहिलं आणि ओरडलो, "सिग्नल यलो." त्याच सेकंदाला त्यांचा हात उठला. "सिग्नल यलो." आणि ब्रेकचं बटण दाबलं गेलं. गाडी लालच्या आधी सावकाश थांबली.

मग हिरवा मिळाला, फलाट आला, फेरी संपली. बाबांनी अंघोळ केली, गणवेश नाही, साधा शर्ट घातला आणि जेवून ऑफिसात गेले. स्वतः अर्ज दिला, की मला दिसण्यात फरक वाटतो, माझी तपासणी व्हावी. आई म्हणायची, लग्नाच्या दिवशी घरून निघाले असतील तेव्हाही इतके ताठ चालत गेले नसतील. डॉक्टर म्हणाले, तंबाखूने डोळ्यामागची नस कमजोर झालीय, म्हणून रंग कळत नाहीत, तंबाखू सोडा. तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली. इंजिनही. पुढची चार वर्षं ते स्टेशनात टेबलाशी बसून दुसऱ्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावत होते. पहिलं वर्ष ते घरात फार कमी बोलले. मला कित्येकदा वाटलं, की हे माझ्यामुळे झालं. ते माझ्यामुळेच झालं होतं. आज मला त्याचं वाईट वाटत नाही, तेव्हा वाटायचं.

गणपती बसले. खोक्याच्या इंजिनासमोर गर्दी व्हायची. टीव्हीत रूळ पळायचे आणि आतून दोन आवाज यायचे, एक माझा, एक बाबांचा. पोरं आमची नक्कल करत हात उचलायची. व्हिडिओ जोडताना मी बाकी सगळीकडे कात्री चालवली होती, पण बोगद्यानंतरची ती जागा होती तशी ठेवली होती. मोजली होती. सिग्नल स्पष्ट दिसायला लागल्यापासून माझा आवाज येईपर्यंत चार सेकंद. नुसता चाकांचा खडखडाट.

तिसऱ्या दिवशी आरतीनंतर चिटणीस माझ्याजवळ आले. बाबा शेजारीच होते, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन.

"भैया, सुरंगके बाद आवाज गायब हो जाती है थोडी देर. ते ठीक कर ना. लोकाइले वाटते मशीन खराब हाय."

बाबांनी टीव्हीकडे पाहिलं. तीच जागा चालू होती.

"राहू द्या तसंच," बाबा म्हणाले. "मशीन खराब नाई. असिस्टंट बोलला नव्हता अजून."